झोपवणारे डॉक्टर

पेशंट यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चालायला लागला, की सर त्याच्याकडे पाठ करून बसत. पडद्यावर हृदयाचा आलेख पळत असे, दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा मधूनमधून फुगत असे, आणि ज्यांच्याकडून ही तपासणी करून घ्यायला लोक भंडाऱ्या-गोंदियाहून येत, ते आमचे सर भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसलेले असत. नव्या पेशंटला वाटे, म्हाताऱ्याला डुलकी लागली. "पडद्याकडे तू बघ," ते मला सांगत, "मी ऐकतो." ऐकत ते पावलं. माणूस दमला, घाबरला, की उगाच मर्दुमकी दाखवतोय, हे त्यांना पावलांवरून कळायचं. मग पट्टा थांबला, की ते स्टूल गर्रकन फिरवत आणि डोळे उघडत. त्यानंतर मात्र त्यांची पापणी लवत नसे.

नागपुरात सदरच्या एका आडगल्लीत त्यांचा दवाखाना होता. स्टेशनवरून ऑटो केला आणि डॉक्टरांचं खरं नाव सांगितलं, तर ऑटोवाला डोकं खाजवायचा. "झोपवणारे डॉक्टर" म्हटलं की मुकाट्याने मीटर पाडायचा. मी तिथे सहायक म्हणून पहिल्या दिवशी निघाले, तेव्हा हे नाव ऐकून मी ऑटोतून उतरायच्या बेतात होते. एखाद्या डॉक्टरचं असं नाव गावात का पडावं, याची जी काही कारणं सुचतात, त्यातलं एकही चांगलं नसतं.

कारण साधं होतं. ही तपासणी म्हणजे छातीला तारा चिकटवून माणसाला पट्ट्यावर चालवायचं, वेग आणि चढ वाढवत न्यायचा, आणि हृदयाला रक्त कमी पडतं का ते आलेखावर बघायचं. रक्त कमी पडलं की आलेखातली एक रेघ, जी सरळ राहायला हवी, ती खाली झुकते. सगळीकडे रीत अशी, की धावणं संपलं की पेशंटला थोडा वेळ सावकाश चालवतात, घाम पुसू देतात, मग बसवतात. सर तसं करत नसत. पट्टा थांबला रे थांबला, की मारोतराव कंपाउंडर आणि मी पेशंटला उचलल्यासारखं करून शेजारच्या खाटेवर आडवं करायचो. पंखा बंद व्हायचा, कूलर बंद व्हायचा, आणि बोलायला बंदी असायची. मग बराच वेळ त्या खोलीत नुसता धापेचा आवाज असे, तोही हळूहळू विरत जाई.

"धावताना सगळेच चांगले दिसतात," सर म्हणत. "पाय काम करत असतात, लक्ष दुसरीकडे असतं. माणूस आडवा झाला की पायातलं रक्त एकदम हृदयाकडे परत येतं. तेव्हा त्याच्याकडे लपवायला जागा नसते." 'त्याच्याकडे' म्हणजे हृदयाकडे, हे मला कळायचं, पण खाटेवरच्या माणसाला ते आपल्याबद्दल आहे असं वाटे, आणि तो आणखीनच गप्प होई. रेघ झुकताना दिसली, की सर पुढे वाकून अगदी हळू म्हणत, "आला." दारात कोणी ओळखीचा यावा तसं. त्या एका शब्दाने माझ्या अंगावर दर वेळी काटा यायचा, आणि सवय झाल्यावरही तो यायचा थांबला नाही.

त्यांची दुसरी खोड म्हणजे घंटी. पट्ट्याच्या पुढे धरायला दांडी असते, आणि घाबरलेला माणूस ती घट्ट धरतो. धरली की अंगाचा भार हातांवर जातो, हृदयाला मेहनत कमी पडते, आणि यंत्राला मात्र वाटतं की गडी जोरात चाललाय. म्हणजे तपासणी होते आणि होतही नाही. सरांनी त्या दांडीला पितळेची एक घंटी सुतळीने अशी बांधली होती, की नुसतं बोट टेकलं तरी ती वाजावी. ती वाजली की सर भिंतीकडे बघतच म्हणत, "हात." तेवढंच.

इतवारीतला एक धान्याचा व्यापारी मला आठवतो. पोट एवढं, की पट्ट्यावर आधी पोट चढलं आणि मग शेटजी. घंटी वाजतच राहिली. "हात," सर म्हणाले. "डॉक्टरसाहेब, पडून जाईन न मी," शेटजी धापा टाकत म्हणाले. सर म्हणाले, "पडा. उचलायले आम्ही तिघं आहोत." शेटजी हसले आणि हसता हसता त्यांनी दांडी सोडली. त्यांची रेघ नंतर खाटेवर झुकली. आज ते इतवारीत गादीवर बसून नोकरांना शिव्या घालतात, आणि मी दुकानावरून गेले की उभं राहून नमस्कार करतात.

सरांचं सगळंच बरोबर असायचं असं सांगितलं, तर ते स्वतःच मला रागावले असते. कितीदा तरी रेघ झुकली म्हणून त्यांनी माणसाला पुढच्या तपासणीला पाठवलं आणि हृदयाच्या नळ्या स्वच्छ निघाल्या. तो माणूस मग दवाखान्यात येऊन तोंडाला येईल ते बोलायचा. शहरातले बाकीचे डॉक्टर त्यांच्या पद्धतीला नाकं मुरडत. सर नेहमीच्या तारांखेरीज छातीच्या उजव्या बाजूला, काखेखाली, कधी पाठीवर जादा तारा चिकटवत, आणि दर काही महिन्यांनी त्यांच्या जागा बदलत. नवी जागा पेशंटवर पहिल्यांदा वापरताना त्यांचं बोट कधी चाचपडत नसे. थेट जाऊन टेकायचं. "सर, हे लिहा, छापा," मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "काय छापू? नमुना एकच आहे." मला तो त्यांचा नेहमीचा तिरकस विनोद वाटला, आणि मी हसून सोडून दिलं.

आता दुपारचं सांगते. दवाखाना दुपारी बंद होई आणि पुन्हा उघडे तो ऊन उतरल्यावर. माझं घर कन्हानला. तेवढ्या वेळात जाऊन येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी बाहेरच्या खोलीतच डबा खाऊन बाकड्यावर आडवी व्हायची. नागपूरची मे महिन्यातली दुपार ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुकानांची शटरं अर्धी खाली ओढलेली असतात, आणि सगळ्या गल्लीत मिळून एकच कूलर घरघरत असल्यासारखं वाटतं. अशा एका दुपारी, डोळा लागता लागता, मला आतल्या खोलीतून पावलं ऐकू आली. पट्टा चालू होता. त्यावर कोणीतरी चालत होतं, आधी सावकाश, मग भराभर. मग पट्टा थांबला, आणि त्यानंतर काही म्हणजे काहीच ऐकू आलं नाही.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सर जेवायला वरच्या मजल्यावर गेलेत, अशी माझी समजूत होती. आमच्या घरी भुताखेतांवर विश्वास ठेवायची सोय नव्हती. आजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली तेव्हापासून अंगारे, धुपारे, उतारे सगळं घराबाहेर गेलेलं. आणि तरीही मी, एमडी झालेली बाई, त्या दारापर्यंत गेले आणि हात न लावता परत आले.

संध्याकाळी मारोतरावांना विचारलं. ते कापसाचे बोळे वळत होते. "तुमालेही ऐकू आलं काय," ते शांतपणे म्हणाले. "मले तर लय वर्षांपासून येते. तिकडं जाऊ नका, डॉक्टरीणबाई. साहेबानं दुपारी थ्या खोलीत जायले मनाई केली आहे. दादा असन."

मग त्यांनी दादांची गोष्ट सांगितली. दादा म्हणजे सरांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी स्वतःचं शिक्षण सोडून इतवारीत भांड्यांचं दुकान सांभाळलं आणि धाकट्याला डॉक्टर केलं. दांडीवरची घंटी त्याच दुकानातली. दादांना चालताना छातीवर ओझं आल्यासारखं होऊ लागलं, तेव्हा सरांनी त्यांना स्वतः पट्ट्यावर चालवलं. दादांनी दांडी घट्ट धरली होती. मोठ्या भावाला हात सोड म्हणून कोण सांगणार? वरून थट्टामस्करी चालू होती. रेघ सरळ राहिली. दादा पट्ट्यावरून उतरले, तारा लगेच काढल्या गेल्या, आणि ते सगळ्यांशी बोलत खोलीभर फिरले. सर म्हणाले, "दादा, एकदम ठीक आहे तुझं." त्याच आठवड्यात सकाळी दुकानाचं शटर वर ढकलताना दादा खाली बसले, ते उठलेच नाहीत.

"तवापासून साहेब सगळ्याइले झोपवून राहिले," मारोतराव म्हणाले. "अन दादा दुपारी येऊन पुन्हा तपासून घेते, असं मी समजतो. घंटी मात्र वाजत नाही. आता हात सोडून चालत असन."

मी त्यांना वेड्यात काढलं. पण पुढच्या दुपारी बाकड्यावर पडल्यावर कान आतल्या खोलीकडे लागले होते, आणि पावलं आली तेव्हा घंटी वाजत नाही ना, एवढंच मी ऐकत राहिले. अशी मग वर्षं गेली. भीतीचीही माणसाला सवय होते. पावलं ऐकू आली नाहीत तर मलाच चुकल्यासारखं वाटू लागलं.

दादांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. त्या दवाखान्यात कधी आल्या नव्हत्या. सणावाराला सर इतवारीत जायचे, त्या वाढायच्या, आणि दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलायचे, असं मारोतराव सांगत. एका सकाळी त्या एकट्याच आल्या. उंच, सावळ्या, कापडी पिशवी छातीशी धरलेल्या. सर उभे राहिले.

"भाऊजी, जिन्यानं वर गेली की जबडा भरून येते माझा," वहिनी म्हणाल्या. "दोन जागी पट्ट्यावर चढवलं मले. एक म्हणते, खराब आहे. दुसरा म्हणते, बायाइचं असंच येते, ध्यान देऊ नका. आता तुमच्याच हातानं होऊ द्या. यांना ठीक आहे म्हणलं होतं तुम्ही. मले काय म्हणता ते पाहू."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. सरांनी मला तारा लावायची खूण केली.

या तपासणीला आमच्याकडच्या बायका नवऱ्याचे नाहीतर मुलाचे बूट घालून येतात. स्वतःचे असे बूट त्यांच्यापाशी नसतातच, आणि चपलेत पट्ट्यावर चढता येत नाही. वहिनींनी पिशवीतून पिवळे पडलेले कॅनव्हासचे बूट काढले. टोकांत चिंध्या कोंबल्या होत्या. उजव्याचा तळ पुढून थोडा सुटला होता. "त्याइचेच आहेत," त्या नाड्या बांधत मला म्हणाल्या. "त्या दिवशी हेच घातले होते. दुसरे घरात नाहीत वं."

पट्टा सुरू झाला. सर भिंतीकडे वळले आणि त्यांनी डोळे मिटले. वहिनींनी दांडीला हात लावला नाही. डावं पाऊल नुसतं पडत होतं, उजव्या पावलाला सुटलेल्या तळाचा एक जादा आवाज होता. वेग वाढला तसा तो स्पष्ट झाला. मी पडद्याकडे बघत होते, पण मला सरांची मान ताठ होताना दिसली. मग इतक्या वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. पेशंट चालत असताना सर वळले. त्यांचे डोळे उघडे होते, आणि ते वहिनींच्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघत होते. कपाळावर घाम होता. ज्या आवाजाला त्यांनी एकदा "एकदम ठीक आहे" म्हटलं होतं, तोच आवाज त्यांच्या समोर चालत होता.

"थांबव," ते मला म्हणाले.

"सर, आलेख स्वच्छ आहे. अजून पुरेशी मेहनत झाली नाही."

"चालू राहू दे," वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "मी दमली नाही."

सर पुन्हा भिंतीकडे वळले आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. पुरेशी मेहनत होईपर्यंत वहिनी चालल्या. रेघ सरळच होती. आम्ही त्यांना खाटेवर आडवं केलं, पंखा बंद केला. रेघ सरळ. धाप ओसरली, चेहऱ्यावरचा घाम वाळला, नाडी जागेवर आली, आणि रेघ सरळच राहिली. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात एव्हाना तारा काढून झाल्या असत्या. मी हात पुढे केला.

"हात लावू नको," सर म्हणाले. ते उठले. "वहिनी, एक जागा बदलतो," म्हणून त्यांनी उजवीकडची एक तार सोडवली आणि दोन बोटं खाली, थोडी बाहेरच्या बाजूला चिकटवली. नेहमीसारखीच, न चाचपडता. मग आम्ही तिघं वाट बघत राहिलो. बाहेर मारोतरावांनी कुणाला तरी हळू बोलायला सांगितलेलं ऐकू आलं. आणि त्या तारेची एकच रेघ, बाकी सगळ्या सरळ असताना, सावकाश खाली झुकू लागली.

"आला," सर म्हणाले.

वहिनींच्या दोन नळ्या जवळजवळ बंद निघाल्या. बायपास झालं. बऱ्या होऊन त्या पुन्हा आल्या तेव्हा हातात तिळाच्या लाडवांचा डबा होता. आम्हाला वाटलं, आभार मानायला आल्यात. डबा टेबलावर ठेवून त्या सरांना म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारते. मले शोधलं तुम्ही. मग याइले काहून नाही शोधलं?"

सरांनी चष्मा काढला. "तेव्हा मले येत नव्हतं, वहिनी. तो गेल्यावर शिकलो."

"म्हणजे ते गेले म्हणून मी राहिली," त्या म्हणाल्या आणि डबा तिथेच ठेवून निघून गेल्या. मला वाटलं होतं, वहिनींना वाचवल्यावर सर हलके होतील. झालं उलटंच. जो जो पेशंट त्या पद्धतीने सापडे, तो तो दादाही असाच सापडला असता, हेच त्यांना सांगून जात असणार. त्यांचं जेवण कमी झालं, बोलणं तर आधीच कमी होतं. दुपारची पावलं मात्र आता रोज येऊ लागली.

आणि एका दुपारी घंटी वाजली.

एकदा वाजून थांबली नाही, वाजतच राहिली. मी बाकड्यावरून उठले. मारोतराव दाराशी भिंतीला टेकून उभे होते आणि मानेनेच नको नको म्हणत होते. पण दांडी धरणाऱ्या माणसाला मदत लागते, हे त्या घंटीनेच मला इतकी वर्षं शिकवलं होतं. मी दार ढकललं.

पट्ट्यावर सर होते. शर्टाची सगळी बटणं उघडी, छातीवर तारा, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरलेली, चेहरा राखेच्या रंगाचा. मी पट्टा थांबवला. मारोतराव धावले, आम्ही त्यांना खाटेवर आडवं केलं. उघड्या छातीवर, उजवीकडे, काखेखाली, सगळीकडे तारांच्या चिकटपट्ट्यांचे गोल डाग होते. काही ताजे लाल, काही जुने, काळपट पडून कातडीचाच भाग झालेले. आम्ही पेशंटवर वापरलेल्या सगळ्या जागा तिथे होत्या. वहिनींना चिकटवलेली ती जागाही होती.

"उजवीकडची रेघ बघ," सर पुटपुटले. "किती झुकली?"

"सर, हे कधीपासून आहे?"

"दादा गेला त्याच वर्षी समजलं. एकाच आईची लेकरं आम्ही. त्याचं होतं तेच माझं." त्यांनी श्वास घेतला. "माझंही नेहमीच्या तारांत दिसत नाही. म्हणून तर कामाचं आहे."

"आणि तुम्ही इलाज केला नाही?"

"गोळ्या घेतो न. नळी दुरुस्त केली की रेघ झुकणार नाही. मग मी शोधू कुणात?"

नमुना एकच आहे, म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मला इतका राग आला की रडू फुटलं. माझ्या डब्यापासून दहा पावलांवर, लोटलेल्या दाराआड, हा माणूस दर दुपारी स्वतःचं हृदय कडेपर्यंत नेत होता आणि ते कुठून दिसतं ते टिपत होता. आणि मी इकडे भुताला घाबरून बसले होते. भूत असतं तर परवडलं असतं.

मी ॲम्ब्युलन्स बोलावली. सर जायला तयार नव्हते. त्यांना एक जागा अजून पडताळायची होती, पाठीवरची. त्यांना हट्टापासून हलवू शकेल असं एकच माणूस मला सुचलं. मी इतवारीत फोन केला. वहिनी ऑटोने आल्या, आणि आतल्या खोलीत खाटेपाशी उभ्या राहिल्या. त्यांनी ते डाग पाहिले.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे गेले तवा तुम्हाले माहीत नव्हतं. म्हणून मी काही बोलली नाही. आता तुम्हाले सगळं माहीत आहे. आता गेले, तर माफ नाही करनार मी तुम्हाले."

सरांनी शर्टाची बटणं लावायला घेतली. उरलेली मारोतरावांनी लावून दिली. "चला," सर म्हणाले.

ऑपरेशनचा दिवस ठरला होता. त्याच्या आदल्या पहाटे सर झोपेतच गेले. गेले ते आपणहून गेले नाहीत. इलाजाला तयार होऊन, कागदांवर सही करून गेले, हे मी वहिनींना दोन-तीनदा सांगितलं. घाटावरून परतल्यावर मी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एकटीच बसले आणि मनसोक्त रडले. वडील गेले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

आता तो दवाखाना मी चालवते. सरांच्या तारांच्या जागा मी शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्या. ते म्हणाले, एका माणसाच्या छातीवरून नियम होत नाही. त्यांचं बरोबर आहे. म्हणून आता आम्ही काही जण मिळून, पेशंटची रीतसर परवानगी घेऊन, प्रत्येकावर त्या जागा पडताळून बघतो आहोत. काही खऱ्या ठरतील, काही गळतील. सरांना दोन्ही चाललं असतं. दुपारी मी आता बाकड्यावर झोपत नाही, आतल्या खोलीत खाटेवर झोपते. तिथे काहीही ऐकू येत नाही, आणि ती शांतता मला अजून सोसत नाही.

गेल्या मे महिन्यात वहिनी तपासणीला आल्या. या वेळी पायात नव्या कोऱ्या बुटांचा जोड होता, नातीने आणलेला. त्या नीट चालल्या. आम्ही त्यांना आडवं केलं आणि कूलर बंद केला. मी सगळ्या तारा बघितल्या, उजवीकडची जागाही बघितली. वेळ भरली, पुढे गेली, आणि एकही रेघ हलली नाही.

"वहिनी, एकदम चांगलं आहे," मी म्हटलं. "उठा आता."

वहिनी छताकडे बघत होत्या. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"राहू दे वं थोडं अजून," त्या म्हणाल्या. "भाऊजी एवढ्या लवकर उठू नसते देत."

मी तारा काढल्या नाहीत. स्टूल ओढलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिले.